एका गोणीत चार सॉक्रेटिस

माणदेशातल्या आटपाडीच्या आसपास गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभे राहिलेले बंगले आतून पाहावेत. पैसा दोन-तीन वाटांनी आलेला असतो. एक वाट गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्याची. खानापूर-आटपाडीची माणसं या धंद्यापायी देशभरच्या सराफकट्ट्यांवर जाऊन बसली आणि घर मात्र गावाकडं बांधलं. दुसरी वाट डाळिंबाची, तिसरी टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याची. दिवाणखान्यात गुळगुळीत फरशी, जिन्याला स्टीलचा कठडा आणि डोक्यावर पीओपीचं छत. छतात गोल, गोलात गोल, मधून निळ्या दिव्यांची पट्टी. गोण्याच्या गोण्या प्लास्टर तिथं गेलेलं असतं. खाली शोकेसमध्ये काय, तर प्लास्टिकची फुलं, लग्नात आलेलं घड्याळ आणि सत्कारांची सन्मानचिन्हं.

छताला लागलेल्या त्याच प्लास्टरची पंचवीस किलोची एक गोणी काही शे रुपयांत येते. फूटभर उंचीचा पोकळ अर्धपुतळा ओतायला पाच-सहा किलो माल पुरतो. म्हणजे एका गोणीत सॉक्रेटिस, होमर, व्हीनस आणि मार्कस ऑरेलियस असे चौघं बसतात, साचा हाताशी असला तर. जुन्या ग्रीक-रोमन शिल्पांनी घर सजवणं ही श्रीमंतांचीच चैन आहे, असा आपला एक समज आहे. तो या गोणीपाशीच ढिला पडतो.

पण पहिला प्रश्न पैशाचा नसतो. माणदेशातल्या घरात ग्रीक डोकी कशाला, आणि तीही नकली, हा असतो.

घरात माणसाचं नुसतं शीर मांडणं आपल्याला परकं नाही. शिवाजी महाराज, बाबासाहेब, महात्मा फुले, शाहू महाराज यांचे अर्धपुतळे आपण टेबलावर, कपाटावर ठेवतोच. गौरींच्या तीन दिवसांत तर कितीतरी घरांत मुखवटे बसतात. पितळेचे, शाडूचे, हल्ली प्लास्टरचे आणि फायबरचेही. मुखवटा कुठल्या उंचीवर बसवायचा, मागं काय धरायचं, उजेड कुठून पाडायचा हे घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. देव्हाऱ्यात टाक असतात. त्यांत कुलदैवतांच्या जोडीनं घरातल्या गेलेल्या माणसाचाही टाक पुष्कळ ठिकाणी करून बसवतात. प्राचीन रोममधली मोठी घराणी आपल्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे दर्शनी चौकातल्या लाकडी कपाटांत ठेवत आणि घरात कुणी गेलं की ते बाहेर काढून अंत्ययात्रेत मिरवत. अशा रोमन माणसाला आपला देव्हारा दाखवला असता, तर त्याला फारसं समजावून सांगावं लागलं नसतं.

आता ‘नकली’चं. आटपाडी स्वातंत्र्याआधी औंध संस्थानात होती. संस्थान विखुरलेलं; औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचं गुणदाळ असे त्याचे तुकडे. मुलूख बहुतेक दुष्काळी. या संस्थानाच्या गादीवर १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. सूर्यनमस्कारांसाठी लोक त्यांना ओळखतात, पण ते स्वतः चित्रकार होते, अजिंठा आणि वेरूळवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकं लिहिली, आणि कलावस्तू जमवण्याचा त्यांना नादच होता. औंधच्या यमाईच्या डोंगरावर १९३८ साली त्यांनी श्री भवानी संग्रहालय बांधलं. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्प आहे. आणि त्यांच्याच शेजारी युरोपातल्या नामांकित चित्र-शिल्पांच्या नकला आहेत, न लाजता मांडलेल्या. पॅरिसच्या आणि रोमच्या संग्रहालयांतली मूळ शिल्पं कुणाला विकत मिळणार नव्हती, एवढ्याशा संस्थानाला तर नाहीच. युरोपला जाणं तिथल्या रयतेपैकी किती जणांना जमणार होतं? मग नक्कल आणायची, चांगली आणायची, आणि ती चार लोकांना पाहता येईल अशा जागी ठेवायची. राजाचा हिशेब सरळ होता. आटपाडीचा माणूस सकाळी निघाला तर औंध बघून दिवेलागणीला घरी येतो. पुतळा विकत घेण्याआधी ही फेरी करावी. प्लास्टर, संगमरवर आणि धातू यांच्या अंगावर उजेड कसा वेगवेगळा बसतो, ते डोळ्यांनी कळतं.

खरं तर ग्रीक शिल्पं आपल्यापर्यंत आली तीच नकलांच्या खांद्यावर बसून. मायरन या ग्रीक शिल्पकाराचा थाळीफेक्या जगभर छापला जातो. तो मूळचा काशाचा, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. मूळ पुतळा केव्हाच नाहीसा झाला. आज आपण पाहतो त्या रोमन लोकांनी संगमरवरात केलेल्या त्याच्या प्रती. व्हॅटिकनमधला बेल्व्हेडेरचा अपोलो हीसुद्धा हरवलेल्या ग्रीक काशाची संगमरवरी प्रत समजली जाते. काशाला वितळवून पुन्हा वापरता येतं, त्यामुळं जुने पुतळे तोफांत, नाण्यांत, भांड्यांत गेले. गलाईवाल्या घरातल्या माणसाला हे निराळं सांगायला नको. मुशीत गेलेल्या दागिन्याचं नक्षीकाम कोण आठवतो?

ग्रीक शिल्पाची अशी एक प्रत तर कोल्हापुरातच सापडली. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची वीतभरही न भरणारी मूर्ती होती. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. लिसिपस या ग्रीक शिल्पकाराच्या नावाशी जोडलेल्या एका मोठ्या पुतळ्याच्या घडणीवर ती बेतलेली दिसते. सातवाहनांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून रोमन व्यापार चाले, त्या व्यापारातून ती घाट चढून आली. दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या कुणा सधन माणसाच्या घरी ग्रीक देवाची छोटी नक्कल होती, असं म्हणायला हरकत नाही.

युरोपात प्लास्टरच्या नकलांचा सुकाळ झाला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. बर्लिनमध्ये १८१९ साली सुरू झालेला साचेघर-कारखाना आजही चालू आहे, आणि संग्रहालयातल्या शिल्पांच्या ओतीव प्रती कुणालाही विकतो. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी तर युरोपातल्या राजघराण्यांतल्या मंडळींनी करारच केला, की एकमेकांच्या देशांतल्या कलाकृतींच्या नकला करून संग्रहालयांत पोचवायच्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १८७३ पासून नकलांचीच दोन प्रचंड दालनं आहेत. तिथं मायकेलअँजेलोचा डेव्हिड प्लास्टरमध्ये उभा आहे, पाच मीटरांहून उंच. राजघराण्यातल्या स्त्रिया भेटीला यायच्या तेव्हा त्याच्यावर अडकवायला प्लास्टरचंच एक पान करून ठेवलेलं होतं. तेही तिथं जपून ठेवलं आहे. आपल्याकडं आजी-आजोबा, सुना-नातवंडं एका छताखाली नांदत असतील तर पूर्णाकृतीपेक्षा अर्धपुतळा बरा, यामागचं एक व्यवहारी कारण इथं सांगून झालं.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथं विद्यार्थ्यांचा हात बसायचा तो अशा प्लास्टरच्या ग्रीक-रोमन नमुन्यांवरून चित्रं काढून. औंधला येऊन राहिलेले पंडित सातवळेकरही मूळचे या शाळेतले चित्रकार, वेदांचा अभ्यास पुढचा. याच शाळेत गणपतराव म्हात्रे या तरुण विद्यार्थ्यानं १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. नऊवारीतली, हातात पूजेचं साहित्य घेऊन निघालेली स्त्री. आधुनिक महाराष्ट्राच्या शिल्पकलेची ती पहिली मोठी खूण, आणि ती प्लास्टरची आहे. संगमरवराची वाट पाहत बसले असते तर कदाचित झालीच नसती. पुढं विनायकराव करमरकरांनी अलिबागजवळच्या आपल्या सासवने गावात सिमेंटमध्ये शिल्पं केली, आणि ती घराच्या ओट्यावर, अंगणात मांडली. ते घर आता करमरकर शिल्पालय म्हणून पाहता येतं. अंगणातली सिमेंटची म्हैस पाहून माल कुठला वापरला हा प्रश्नच डोक्यात येत नाही. स्वस्त द्रव्य म्हणजे स्वस्त काम, हे समीकरण डोक्यातून जायचं असेल तर सासवन्याला जावं.

आता प्लास्टरकडं वळू, कारण या सगळ्या प्रकरणाचा खरा नायक तो आहे.

जिप्सम नावाचं मऊ खनिज असतं. त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे दोन रेणू चिकटलेले. ते सुमारे दीडशे अंश सेल्सिअसवर भाजलं की यातलं तीनचतुर्थांश पाणी उडून जातं आणि उरते ती पांढरी भुकटी. पॅरिसच्या मॉन्मार्त्र टेकडीत याच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस. या भुकटीत पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत ओढून घेते, सुयांसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा दगड तयार होतो. सिमेंट किंवा माती सुकताना आकसते. प्लास्टर मात्र घट्ट होताना किंचित फुगतं. ही एवढीशी फुगणूकच त्याला साच्याच्या कानाकोपऱ्यात दाबते, आणि पापणीची कड, दाढीची बट, ओठाच्या कोपऱ्यातली मुडप जशीच्या तशी उमटते. शंभर भाग प्लास्टर घट्ट व्हायला रासायनिकदृष्ट्या एकोणीस भागही पाणी लागत नाही, पण ओतता यावं म्हणून आपण साठ-सत्तर भाग घालतो. जास्तीचं पाणी पुढं काही दिवस हळूहळू उडून जातं आणि मागं बारीक छिद्रं ठेवतं. म्हणून ताजा पुतळा हाताला गार आणि जड लागतो, वाळलेला हलका होतो. आणि म्हणूनच प्लास्टर पाणी, तेल, धूर, हाताचा मळ, सगळं शोषून घेतं.

काम करणाऱ्या माणसाला या रसायनाचे नियम तोंडपाठ असतात, नावं माहीत नसली तरी. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरमध्ये पाणी ओतायचं नाही. नाहीतर गुठळ्या होतात. भुकटी बुडेपर्यंत क्षणभर थांबायचं, मग हळू ढवळायचं, फेस येऊ द्यायचा नाही. घमेलं कालच्या प्लास्टरनं माखलेलं असेल तर आजचं आधीच आवळतं, कारण जुने स्फटिक नव्यांना बी पुरवतात. साच्याला आतून साबण-तेलाचा हात द्यायचा. पहिला पातळ थर ब्रशनं लावायचा, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बुडबुडा राहत नाही. मग दुसरा जाड थर, त्यात नारळाचा काथ्या प्लास्टरमध्ये बुडवून दाबायचा. गणपतीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं हेच चालतं. प्लास्टरच्या गणपतींवरून विसर्जनाचा वाद झाला तो ती मूर्ती पाण्यात जाते म्हणून, कारण प्लास्टर पाण्यात शाडूसारखं विरघळून जात नाही. कपाटावर ठेवायच्या सॉक्रेटिसाला तो प्रश्न नाही, त्याला कुणी तलावावर नेत नाही. एक मात्र सांगून ठेवतो: घट्ट होताना प्लास्टर तापतं. हौसेनं मुलांच्या हाताचा ठसा घेण्यासाठी हात जाड प्लास्टरच्या घमेल्यात बुडवून ठेवू नये. गंभीर भाजतं.

आपल्याकडं जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात मूर्तिकाम करणारी दोन-चार घरं असतात. नवरात्र उरकलं की त्यांचा हंगाम ओसरतो. ती वेळ गाठावी. एखादं सहा-आठ इंची रेझिनचं चांगलं डोकं विकत आणून त्यांच्यापुढं ठेवावं आणि रबराचा साचा करून द्या म्हणावं. साच्याचा खर्च एकदाच. पुढं त्यातून पाहिजे तितकी ओतीव डोकी निघतात, आणि भाऊबंदांत वाटून घेतलं तर एकेकाला फार थोडं पडतं. ग्रीक-रोमन शिल्पांवर कुणाचा कॉपीराइट नाही, हेही सोयीचं. आधुनिक शिल्पांचं तसं नसतं, तेव्हा आजच्या काळातल्या एखाद्या शिल्पकाराचं काम असं ओतून घेऊ नये. आपल्या कायद्यात शिल्पकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क राहतो.

दुसरा मार्ग त्रिमितीय छपाईचा. कितीतरी संग्रहालयांतल्या शिल्पांचे स्कॅन आता इंटरनेटवर फुकट मिळतात. ‘स्कॅन द वर्ल्ड’ नावाच्या उपक्रमानं अशा हजारो शिल्पांचा साठा केला आहे, डेन्मार्कच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानंही आपले स्कॅन खुले ठेवले आहेत. फाईल उतरवायची आणि सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या छपाईवाल्याला पाठवायची. तो ग्रॅमवर पैसे घेतो, म्हणून आतून भरीव छापायला सांगू नये. दोन-तीन मिलिमीटरची भिंत आणि आत विरळ जाळी पुरते. छापील डोक्यावर बारीक आडव्या रेषा येतात. त्या लांबी भरून, पॉलिश पेपरनं घासून घालवाव्या लागतात, आणि इथं कंटाळा केला की प्लास्टिक लगेच ओळखू येतं. आणखी एक गोष्ट माणदेशासाठी मुद्दाम सांगायला हवी. छपाईत सर्रास वापरतात ते पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत, उन्हाच्या खिडकीत किंवा बंद गाडीत ठेवलेला सीझर मान टाकतो. माझं मत विचाराल तर छापील डोकं हे साच्यासाठीचं मूळ म्हणून वापरावं, आणि मांडायला त्यातून ओतलेलं प्लास्टर ठेवावं. वजन असलेली वस्तू वेगळी दिसते. का, ते सांगणं कठीण, पण दिसते.

तयार घ्यायचं असेल तर साधारण सहा इंची रेझिनचं डोकं पाचशे-हजार रुपयांत मिळतं, फूटभर उंचीचं दीड-दोन हजारांपासून पुढं. संगमरवराची पूड रेझिनमध्ये मिसळून ओतलेले पुतळे याहून महाग, पण हाताला दगडासारखे गार लागतात. फायबरचे हलके असतात, चौकातल्या पुतळ्यांना ठीक. घरात पंख्याच्या वाऱ्यानं हलणारा सम्राट नको. घेताना तीन जागा बघायच्या. डोळ्याची वरची पापणी खालच्या पापणीपासून सुटी, धारदार दिसते का. कानाच्या मागं खरंच खोली आहे की सपाट भरून टाकलंय. आणि साच्याच्या दोन भागांची जोडरेषा कानावरून, मानेवरून नीट घासली आहे का. दहा वेळा साच्यातून काढलेल्या साच्याचा साचा वापरला की चेहरा साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा होतो. बाजारातले निम्मे स्वस्त डेव्हिड असे झिजलेले असतात.

रंगाबद्दल थोडं सबुरीनं. पुतळा आणला की पहिली हुक्की सोनेरी स्प्रे मारण्याची येते. चकचकीत रंग पुतळ्याचा जीव घेतो, कारण चमक उजेड फेकून देते आणि शिल्पाला हवी असते सावली. गालाचा उतार, डोळ्याची खोबण, ओठाखालची खळगी या सगळ्या सावलीच्याच छटा. म्हणून रंग मॅट हवा. प्लास्टर नुसतं पांढरं ठेवायचं नसेल तर आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे दोन पातळ हात द्यावेत, म्हणजे छिद्रं बुजतात. मग पातळ कालवलेला गेरू, पिवळी काव किंवा तपकिरी रंग सगळीकडं लावून लगेच ओल्या फडक्यानं पुसून घ्यावा. उंचवट्यावरचा जातो, केसांच्या खाचांत आणि डोळ्यांच्या कडेला राहतो. एका संध्याकाळीत पुतळ्याला शंभर वर्षं चढतात. काशाचा भास हवा असेल तर आधी काळा, त्यावर गडद तपकिरी, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं नाक, भुवया, बटा एवढ्याच जागी तांबूस पावडरीचा अगदी ओझरता हात.

गंमत अशी, की ज्या पांढऱ्या शुभ्रपणाला आपण ग्रीक म्हणतो तो ग्रीकांना ठाऊकच नव्हता. त्यांचे संगमरवरी पुतळे रंगवलेले असत. ओठ लाल, केस तपकिरी, वस्त्रांना निळ्या-तांबड्या किनारी. जमिनीत गाडलेल्या काळात आणि पुढच्या धुण्यापुसण्यात रंग गेला, आणि प्रबोधनकाळातल्या शिल्पकारांनी उरलेला पांढरा दगड हाच आदर्श धरला. जर्मन संशोधकांनी रंगाचे उरलेले कण तपासून अशा रंगीत प्रती केल्या तेव्हा पाश्चात्त्य प्रेक्षक दचकले. जत्रेत रंगीत मूर्ती पाहत वाढलेला आपला माणूस बहुधा दचकला नसता. तेव्हा तुमच्या घरातल्या धाकट्यानं व्हीनसचे ओठ रंगवलेच तर ओरडण्यापूर्वी थांबा, इतिहास त्याच्या बाजूनं आहे.

मांडणीत सगळ्यात मोठी चूक संख्येची होते. स्वस्त मिळतात म्हणून पाच डोकी एका रांगेत लावली की दुकान होतं. एका खोलीत एक. फार तर मोठं एक आणि पुस्तकांच्या कपाटात लहान एक. मोठ्या भिंतीपुढं सहा इंची डोकं हरवतं, त्याला कोनाडा द्यावा. जुन्या धाब्याच्या घरांत भिंती हात-दीड हात जाड असत आणि त्यांत कोनाडे, दिवळ्या ठेवलेल्या असत. अजून अशी भिंत शिल्लक असेल तर तिच्यासारखी जागा नाही: मागं काळोख, वर कमान, तीन बाजूंनी आडोसा. नव्या घरात कोनाडा नसतो, पण शोकेसचा एक कप्पा रिकामा करून त्याच्या मागच्या फळीला गडद रंग दिला तरी काम होतं. पांढऱ्या पुतळ्यामागं पांढरी भिंत ठेवू नये. शेवाळी, विटकरी, राखाडी, अगदी शेणानं सारवलेल्या भिंतीचा रंगही सुरेख चालतो. फूटभराहून मोठा पुतळा असेल तर त्याचे डोळे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या थोडे वरच यावेत, इतका उंच चौथरा हवा. बहुतेक अर्धपुतळे किंचित खालून पाहण्यासाठी घडवलेले असतात. टीपॉयवर ठेवलेल्या होमरचा फक्त भांग दिसतो. चौथऱ्याला संगमरवर नको. शहाबादी फरशीचा तुकडा विटांच्या खांबावर बसवला, किंवा जुन्या वाड्याच्या तुळईचा ओंडका उभा केला तरी तो दिमाखदार दिसतो. लहान मुलांच्या घरात मात्र तळाला दोन ठिकाणी चिकटवून टाकावा.

उजेड एका बाजूनं आणि थोडा वरून. छताच्या मधोमध लावलेली ट्यूब सगळीकडं सारखा उजेड टाकते आणि चेहरा सपाट करते, मग कितीही चांगली प्रत आणा. त्यापेक्षा खिडकीच्या बाजूला पुतळा ठेवून चेहरा अर्धा उजेडात येऊ द्यावा. चित्रकलेच्या वर्गात उत्तरेकडच्या खिडकीचा आग्रह असायचा तो याचसाठी, की तिथं ऊन शिरत नाही आणि सावली दिवसभर फारशी हलत नाही. रात्रीसाठी पिवळसर उजेडाचा एक छोटा एलईडी दिवा बाजूनं तिरका लावला की झालं. खालून दिवा लावू नये. चेहरा भुताटकीच्या सिनेमातला होतो.

कुणाला ठेवायचं, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. सॉक्रेटिस चपट्या नाकाचा, टकला, दिसायला ओबडधोबड. पण रोज पाहायला तोच बरा वाटतो, कंटाळा येत नाही. डेव्हिड प्रबोधनकाळातला, ग्रीक नव्हे, आणि सगळीकडं असल्यामुळं थोडा शिळा झालाय. मिलोची व्हीनस १८२० मध्ये मिलोस बेटावर सापडली, तिचं नुसतं शीर कुठल्याही खोलीत खपून जातं. बर्लिनमधल्या नेफरतितीचा मूळ पुतळा चुनखडीच्या गाभ्यावर जिप्समच्या प्लास्टरचा थर देऊनच केलेला आहे, म्हणजे तिची प्लास्टरमधली प्रत द्रव्यानं तरी मुळाच्या बरीच जवळ जाते. आणि अभिजात म्हणजे फक्त ग्रीक असं कुणी सांगितलं? गांधार शैलीतल्या बुद्धाच्या चेहऱ्यावर अपोलोच्या केसांची वळणं आहेत आणि नजर पूर्णपणे इथली. घारापुरीच्या महेशमूर्तीचे तीन चेहरे तर मुळातच खांद्यापर्यंत कोरलेले, जगातल्या थोर अर्धपुतळ्यांत धरावेत असे. मला विचाराल तर दिवाणखान्यात सॉक्रेटिस आणि त्याच्यासमोरच्या भिंतीला घारापुरीचा एखादा चेहरा, अशी जोडी सगळ्यात रंगतदार. फक्त देव किंवा बुद्ध ठेवायचा तर जागेचं भान हवं. चपलांच्या रॅकवर, बाथरूमच्या दारात, दारूच्या कपाटावर त्यांना बसवलेलं पाहून येणाऱ्याला वाईट वाटतं, आणि ते रास्त आहे.

निगा फार नाही. माणदेशाची हवा कोरडी, ती प्लास्टरला मानवते. कोकणात पावसाळ्यात त्यावर बुरशीचे ठिपके धरतात. इथला शत्रू धूळ. ती मऊ कोरड्या ब्रशनं वरून खाली झटकायची. दाढीचा जुना ब्रश उत्तम. ओलं फडकं अजिबात नाही: जिप्सम पाण्यात थोडं थोडं का होईना विरघळतं, आणि दर दिवाळीला पुसलेल्या पुतळ्याचं नाक काही वर्षांत बोथट होतं. उदबत्तीच्या धुराजवळ, स्वयंपाकघराच्या दारापाशी ठेवू नये, तेलकट पिवळेपणा आत मुरला की निघत नाही.

पडून नाक तुटलं, तर तुकडा शोधून ठेवावा. दोन्ही कडा पाण्यानं ओलसर कराव्यात, कारण कोरडं प्लास्टर नव्या लगद्यातलं पाणी पिऊन टाकतं आणि सांधा भुसभुशीत राहतो. मग थोडा फेविकॉल घातलेला घट्ट लगदा लावून तुकडा दाबून धरायचा, वाळल्यावर घासून घ्यायचं. तुकडा हरवला असेल तर तसंच राहू दिलं तरी शोभतं. जमिनीतून निघालेल्या बहुतेक पुतळ्यांची नाकं अशीच गेलेली असत, आणि पूर्वीचे दुरुस्तीकार त्यांना नवी नाकं बसवून देत. पुढं ही बनावट नाकं काढून टाकायची पद्धत आली. कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक संग्रहालयानं आपल्या पुतळ्यांवरून काढलेली ती नाकं फेकली नाहीत. एका काचेच्या कपाटात ओळीनं मांडून ठेवली आहेत, नुसती नाकं, आणि लोक ती पाहायला येतात.